लोखंड निघालं की येते

प्रिय वुरी,

मंगळवारपासून तुझे फोन वाजतायत आणि मी ते घेत नाहीये. माझा फोन हरवलेला नाही, बिघडलेला नाही आणि मीही बिघडलेले नाही, हे आधी सांगून टाकते. तू विचारलंस तर ‘आई झोपलीय’ एवढंच सांगायचं, अशी मी तुझ्या बाबांना तंबी दिली होती. पण तो माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज बारीक होतो, त्यामुळे तू घाबरली असशीलच. घाबरू नकोस. मी दुकानात माझ्या उंच खुर्चीवर बसलेय, दुपारची गर्दी ओसरलीय, टोपाच्या तळाशी थोडा रस्सा उरलाय आणि मेर्बाबू डोंगरावरून नेहमीचा गार वारा येतोय. फोनवरच सांगितलं असतं, पण पायाचं नाव काढलं की तुझ्या बाताममधली रेंज जाते. गेली दोन वर्षं ती नेमकी त्याच शब्दाला जाते. म्हणून पत्र. खोक्यात शेंगदाण्याच्या वड्या आहेत, खोलीतल्या मुलींनाही दे. पत्र मुद्दाम तळाशी ठेवलंय, म्हणजे ते हाताला लागेपर्यंत तुझ्या पोटात काहीतरी गेलेलं असेल.

तर पाय. डॉक्टर प्रिहास्तोंनी मागच्या खेपेला फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “हाड जुळलंय, झकास जुळलंय. आता हाडावरची धातूची पट्टी आणि ते सात स्क्रू काढायचे तर काढू, ठेवायचे तर ठेवू.” मी म्हटलं, “डॉक्टर, माझ्या दुकानात गिऱ्हाईक असं बोललं तर मी त्याला रांगेच्या शेवटी पाठवते.” हसले. माणूस तसा बरा आहे, फक्त स्वतः काही ठरवायचं नाही असं ठरवून जन्माला आलाय. मग त्यांनी दोन्हीकडचं सांगितलं. काढायची तर पुन्हा भूल, पुन्हा तेवढाच लांब छेद, वर स्क्रू काढल्यावर हाडात जी भोकं राहतात ती भरायला काही महिने लागतात, तोवर पाय जपायचा, नाहीतर तिथेच पुन्हा मोडायचा. ठेवायची तर काही नाही; गारठ्यात जरा ठणकेल, बाहेरच्या अंगाला बोटाला उंचवटा लागेल. “गुडघे टेकून नमाज होतो?” “होतो, खाली लुंगीची घडी घेते.” “जिना?” “चढते.” “मग विसरून जा की बाई, की तुमच्या पायात काही आहे!” आता हे विसरणं माझ्या हातात असतं तर प्रश्नच नव्हता. पण आपल्या घरात आणि गल्लीत माझा पाय सोडून दुसरा विषय उरलेला नाही. आणि त्यात तुझा तो निरोप आला. रोज्यांच्या आधी ऑपरेशन उरकून घे, ईदपर्यंत चालायला लागशील, आणि ‘आई, ते लोखंड निघालं की मी नक्की येते.’ दोन वर्षांत ‘नक्की’ हा शब्द तू पहिल्यांदा वापरलास. मी तो निरोप बाबांना वाचून दाखवला, म्बाहला ओरडून दाखवला, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन आले.

म्बाहला तर आनंदाचं भरतं आलं. तुझ्या आजीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच आहे: अंगात धातू असलेल्या माणसाला सुखाने मरण येत नाही. तिच्या माहेरच्या गावात म्हणे एक नाचणारी होती, तिने रूप टिकावं म्हणून मांत्रिकाकडून गालात सोन्याच्या सुया घालून घेतल्या होत्या. म्हातारपणी बिचारी नुसती पडून राहिली, श्वास चालू, डोळे उघडे, जीव काही जाईना. शेवटी कुणीतरी शेवग्याच्या पाल्याने तिचं अंग झाडलं, सुया गळून पडल्या आणि बाई सुटली. ही गोष्ट म्बाह मला जेवताना सांगते. मी म्हटलं, आई, माझ्या पायात सरकारी दवाखान्यातला टायटेनियम आहे, तो रूपासाठी घातलेला नाही, माझ्याकडे बघून ते कुणालाही कळेल. तर म्हणते, “धातू तो धातू. मरताना त्याला काय कळतंय कुठल्या दवाखान्यातला?” आणि मग एका सकाळी मी ओसरीवर पाय लांब करून पालक निवडत बसलेले असताना ही बया कुंपणावरची शेवग्याची फांदी तोडून घेऊन आली आणि माझी नडगी झाडायला लागली. सपासप. मी ओरडतेय, पालक उडतोय, शेजारी कुंपणावरून बघतायत. दमली तेव्हा थांबली, वाकून कान पायाजवळ नेला आणि मोठ्या आशेने विचारलं, “हलला का गं एखादा?”

शेजारी बघतायत म्हणजे कोण बघतंय, हे तुला सांगायला नको. बू तुमिरा. समोर सोतो सुपाचं दुकान, बारा महिने रिकामी बाकं आणि बारा महिने भरलेले कान. आता तुला माहितीये, अपघाताआधी मी मागे चुलीशी उभी असायचे आणि वाढायला पुढे तुझे बाबा. ते गिऱ्हाईकाशी इतकं अदबीने बोलायचे की लोक निम्म्यावरच उठून जायचे. पाय मोडल्यावर मला उभं राहणं जमेना, म्हणून बाबा गेले चुलीशी आणि मी पुढे उंच खुर्चीवर. तेव्हापासून जो येतो त्याला मी बसल्या जागेवरून ऐकवते. ‘काय हो मास्तर, बायकोने आज पण हाकललं वाटतं?’ लोकांना आवडतं. ऐकून घ्यायला येतात, येतात म्हणून खातात. दिवसभर गुरांचे सांधे शिजवून विकणारी बाई स्वतःच्या सांध्याने बसली आणि धंदा उभा राहिला, एवढीच गोष्ट आहे. पण तुमिराने झाडणं बघितलं, शेवगा बघितला, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संध्याकाळी आली, माझ्या कानाशी लागली, “बू लस्मी, मी कुणाला सांगणार नाही. गिऱ्हाईक ओढणारा नेमका कुठला? वरचा की खालचा?” मी म्हटलं, काय? तर म्हणे, “सातातला कुठला स्क्रू?” मग जरा थांबून, लाजून, “तो डॉक्टर अजून बसतो का? मला दोन पुरेत.”

आणि दैव बघ, ऑपरेशनला मिळालेला दिवस निघाला मंगळवार क्लिवोन. पंचांगात बघून दवाखाना तारीख देत नाही, त्यांना फक्त खोली रिकामी दिसली. पण मंगळवार आणि जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यातला क्लिवोन एकत्र येणं म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोराला कळतं. घरातले जुने खंजीर धुवायचे त्या दिवशी, ताईत चढवायचे त्या दिवशी, उतरवायचे त्या दिवशी. झालं! गल्लीची खात्री पटली. दुकानात येणारे माझ्या नडगीकडे आदराने बघायला लागले. एकाने तर ताटाला हात लावायच्या आधी विचारलं, “बू, ते काढल्यावर चव तीच राहील ना?” मी सांगितलं, “चव तीच राहील, तुमची उधारीची सोय मात्र काढून टाकेन.” तुझ्या बाबांनाही कुठेतरी हे पटत असावं. “तुझा पाय आहे, तू ठरव,” म्हणाले. हे वाक्य बाबा कधी म्हणतात ते तुला ठाऊक आहे. त्यांचं आधीच ठरलेलं असतं तेव्हा. मग रात्री भांडी पुसता पुसता हळूच, “डॉक्टर म्हणतात ना, ठेवली तरी चालते… आणि नाही म्हटलं तरी, सध्या गिऱ्हाईक बरं आहे.” कान लाल. मी म्हटलं, “तुम्हाला बायकोपेक्षा स्क्रू महत्त्वाचे.” म्हणाले, “तसं नाही गं. वुरी येणार असेल तर सगळे काढ. माझ्याही पायातले काढ.” त्यांच्या पायात एकही नाही हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला.

हसू आलं का? आलं असेल तर बरं, कारण आता तुझी रेंज जाणारं सांगतेय, आणि कागदाची रेंज जात नाही. अपघाताच्या त्या सकाळी बाजारातून आपण दोघी मोटरसायकलवरून येत होतो. तू पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर भाजीची टोपली आणि पायाशी सोयाबीनच्या तेंपेची पिशवी. नवं घर बांधणाऱ्या त्या शहाण्याने अर्ध्या रस्त्यावर वाळू ओतून ठेवलेली, आणि रात्री कुणाची तरी गाडी त्यावरून जाऊन ती उरलेल्या अर्ध्यावरही पसरलेली. तू हळू चालवत होतीस. हे मी त्या दिवशी पोलिसाला सांगितलं, बाबांना सांगितलं, म्बाहला सांगितलं, फक्त तुला सांगायला गेले की तू उठून दुसऱ्या खोलीत जायचीस. चाक फिरलं, तू वाळूत पडलीस, मी डांबरावर, आणि गाडी माझ्या पायावर. त्यानंतर टेम्पोत घालून नेईपर्यंत मी त्या वाळूवाल्याच्या सात पिढ्यांना जे बोलले, ते ऐकून टेम्पोवाला म्हणाला, “बू, तुमचा पाय मोडलाय ना नक्की?” तू मात्र माझी एक चप्पल हातात धरून बसली होतीस. मला आत नेलं तेव्हा हातात होती, आणि भूल उतरून मी डोळे उघडले तेव्हाही ती हातातच होती. बाबांनी मागितली तरी दिली नाहीस म्हणे.

त्यानंतर तू गाडीला हात लावला नाहीस. माझी कुबडी सुटायच्या आत बाताममध्ये नोकरी शोधलीस, कारखान्याची बस दारात येते आणि दारात सोडते म्हणून. दिवसभर भिंगाखाली कणाएवढे स्क्रू बसवतेस आणि रात्री माझ्या सातांची काळजी करतेस. पहिल्या ईदला रजा नव्हती. दुसऱ्या ईदला तिकीट नव्हतं. तेव्हा तू फोनवरून सुंकेम केलंस. तिकडे तू जमिनीवर गुडघे टेकून वाकलीस, इकडे तुझ्या बाबांनी रीत पुरी व्हावी म्हणून फोन माझ्या गुडघ्यावर ठेवला. मला पडद्यावर तुझा भांग दिसत होता, आणि मागे फिरणारा पंखा. आपल्याकडे ईदच्या सकाळी सगळेच सगळ्यांची क्षमा मागतात. तुमिरासुद्धा माझ्या हाताला हात लावून कळत-नकळत झालेल्याची क्षमा मागते आणि दुपारपासून पुन्हा कळून-सवरून सुरू होते. एका दमात म्हणायचं, गोड खायचं, घरी जायचं. तू मात्र ती खरोखरची मागायला बसलीस, आणि म्हणून तुला तीन शब्दांपुढे जाता येईना. मग पडदा काळा झाला. तू बंद केलास की खरंच रेंज गेली, मी विचारणार नाही. मी बराच वेळ तो काळा फोन मांडीवर घेऊन बसले होते. बाबा म्हणाले, “अगं, गेली ती.” म्हटलं, माहितीये.

आणि मग आला हा मंगळवार. पहाटे उपाशीपोटी गेले. बाबांनी पिशवीत तीन आठवडे पुरतील एवढे सारोंग भरले होते, जणू मी तिथे नांदायला चालले होते. नर्सने माझ्या पायावर शाईने बाण काढला, चुकून दुसरा पाय उघडू नये म्हणून. म्हटलं, व्यवस्था चोख आहे. मग डॉक्टर आले. शेवटचं विचारायचं असतं म्हणे. “बू, त्रास काय होतो ते एकदा सांगा.” मी म्हटलं, काही नाही. “ठणकतो?” थंडीत जरा. “चालताना?” नाही. “बसताना, उठताना?” नाही. “मग काढताय कशाला?” आता खोटं बोलायला मी काही तुझे बाबा नाही. म्हटलं, “मुलगी बाताममध्ये आहे. हे निघालं की ती घरी येणार आहे.” डॉक्टर भिंतीशी गेले. भिंतीवरच्या उजेडासमोर फोटो लावला, चष्मा वर केला, अगदी जवळ जाऊन वरपासून खालपर्यंत बघितला, आणि म्हणाले, “पट्टी दिसते. सात स्क्रू दिसतात. मुलगी कुठे दिसत नाही मला. दिसली तर काढतो.” बाबा हसायला लागले, मग त्यांना कळलं की हसायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “काढलेले स्क्रू डबीत घालून देतो, पुष्कळ लोक नेतात. मुलीला पाठवून द्या. येईल ती?” मी त्या फोटोकडे बघत बसले. मनात तुला ती डबी उघडताना बघितलं. तू ती उशाशी ठेवशील, वुरी, मी तुला ओळखते. मग घरी येशील, नडगीवर जुन्या व्रणाच्या बाजूला ताजा व्रण दिसेल, हातात पुन्हा कुबडी दिसेल, आणि म्हणशील, आई, कुबडी सुटली की पुढच्या वेळी राहायला येते. कुबडी सुटेल तर लंगडणं दिसेल. लंगडणं जाईल तर उंच खुर्ची दिसेल. माझ्या अंगावरून एकेक काढत मी तुझी किती वर्षं वाट बघू?

मी पलंगावरून उतरले, सारोंग बदलला आणि बाबांना म्हटलं, चला, भूक लागलीय. लोखंड आहे तिथेच आहे, पोरी. राहणार आहे. गल्लीत बातमी गेलीय की मंगळवार क्लिवोनला सुद्धा ते उतरलं नाही, म्हणजे फारच जबर असणार. तुमिरा आता मला वाकून नमस्कार करते. म्बाह दोन दिवस रुसली, मग म्हणाली, “बरं, मग आधी मला जाऊ दे, तुझ्यामागे मरणाच्या रांगेत उभं राहायचं नाही मला.” हे सगळं तुला फोनवर सांगितलं असतं तर तू ‘बरं आई’ म्हणाली असतीस आणि ईदला पुन्हा तिकीट मिळालं नसतं. म्हणून लिहून कळवतेय की तुझी अट मी मोडली. माझा पाय तुझ्यामुळे मोडला असं तुला वाटत असेल तर वाटू दे, ते मला तुझ्या मनातून उपटून काढता येणार नाही, आणि आत काहीतरी घेऊन माणूस जिना चढतो, नमाज पढतो, दुकान चालवतो, हे मी रोज बघतेय. तूही तसंच घेऊन ये. निघायची वाट बघू नकोस. तिकीट काढ, दिवस कळव. तिंगकिर स्टँडवर मी येईन, मोटरसायकल घेऊन. तिथवर बाबा मला सोडतील, आणि तू उतरलीस की त्यांना मी रिक्षाने घरी पाठवून देईन. ते कुरकुरतील, मी ऐकणार नाही. तिथून घरापर्यंत गाडी तू चालवायचीस. हळू चालव, जोरात चालव, रस्त्यात थांबून रडायचं असेल तर बाजूला घेऊन रड, मला घाई नाही. मी मागे बसणार आहे.

लोखंडासकट तुझीच,
आई